पहिल्या दळणाचा मान

१५ जानेवारी १९७३, सोमवार. खर्डा.

सासरेबुवा आप्पासाहेब आज सकाळच्या एसटीने नगरला गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन. महिनाभर तरी येत नाहीत. जाताना पिठाच्या गिरणीची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, सांभाळा, आल्यावर बघू कायमची कुणाकडं द्यायची ती. हे बोलताना त्यांनी जालिंदरकडे बघितलं. ज्या माणसाला समोरचा बैल दिसत नाही त्याला जालिंदर बरा दिसला.

जालिंदर म्हणजे त्यांचा पुतण्या. गिरणी चालवतो. त्याला मान नाही, डोकं सरळ खांद्यांवर ठेवलेलं आहे. मला ‘दाजी’ म्हणतो, पण असं म्हणतो की शिवी बरी.

लग्नाला दोन वर्षं झाली. या घरात राहतो, जेवतो, आणि गाव अजून मला ‘पाव्हणं’ म्हणतं. किल्ली कायमची मिळाली की ते बंद होईल. भिंगारला मिलिटरीच्या वर्कशॉपात मी टाइमकीपर होतो. एका फोरमनशी तत्त्वाचा मतभेद झाला, त्यात माझे दोन दात गेले म्हणून नोकरी सोडली. पण काम शिकलो ते शिकलो.

संकल्प: महिन्याभरात गिरणी अशी चालवून दाखवायची की आप्पासाहेबांनी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही निर्धास्त करून घ्यावं.

१६ जानेवारी, मंगळवार

दिवसभर नुसतं निरीक्षण केलं. एका इंजिनावर पट्ट्यांनी तीन चक्क्या जोडलेल्या आहेत. चालते एकच. दुसरी सणासुदीला. तिसरी मिरची कांडायची, ती दुष्काळ पडल्यापासून बंद.

संध्याकाळी लोक खडी फोडायच्या कामावरून थेट गिरणीत येतात. हातात डबा, दुसऱ्या हातात हातोडा. रांग नावाची वस्तू नाही. आज दगडाबाईने एकीला वेणीला धरून बाहेर काढलं. रखमाजीने पुढच्याच्या पाठीत डबा घातला. डबा चेमटला, पाठीचं विचारायला वेळ मिळाला नाही. जालिंदरची व्यवस्था अशी की जो जास्त ओरडेल त्याला जुन्या पट्ट्याचा तुकडा हाणायचा. मी विचारलं, निर्दोष माणसाला लागला तर? तो म्हणाला, निर्दोष मान्सं दळायला येतच न्हाईत.

रानटी आहेत सगळे. मनातल्या मनात जालिंदरला चांगला बुकलून काढला.

१७ जानेवारी, सकाळी सहा

सुचलं. उठून बसलो, ही दचकली. हिला सांगितलं तर कूस बदलून झोपली.

पूर्वी कुणाचं दळण मोठं, कुणाचं लहान, कुणाची बाजरी, कुणाचे गहू. त्यामुळे कुणाला किती वेळ लागेल याचा भरवसा नव्हता. आता दुष्काळ आहे. रेशनवर सगळ्यांना तोच तांबडा मिलो, ती परदेशी ज्वारी, आणि तेवढाच. म्हणजे गावातलं प्रत्येक दळण सारखं, प्रत्येकाला लागणारा वेळ सारखा. वर्कशॉपात असंच असायचं. सारखी कामं, शेजारी शेजारी लेथ, भिंतीवर चार्ट. पहिलं काम पहिल्या लेथवर, दुसरं दुसऱ्यावर, तिसरं तिसऱ्यावर, चौथं पुन्हा पहिल्यावर. कुणी रिकामं नाही, कुणाला भांडण नाही.

तीन चक्क्या म्हणजे तिप्पट वेग. मारामारी आपोआप बंद. इतकी साधी गोष्ट या तालुक्यात कुणाला सुचू नये याचं वाईट वाटतं.

मिरचीची चक्की जालिंदरकडून झाडून घेतली. तो शिंकत होता, मी बाहेरून देखरेख केली.

१८ जानेवारी, गुरुवार

चार्टचं काम करताना दोन अन्याय हाती लागले.

एक: रोज सकाळी पहिलं दळण मालकाच्या घरचं. घरात पीठ असो नसो, सासूबाईंचा डबा पहिला. ही सरंजामशाही आहे. देश स्वतंत्र होऊन पंचवीस वर्षं झाली.

दोन: बौद्धवाड्यातल्या भामाबाईंचं दळण रोज सगळ्यांत शेवटी. त्या आधी आल्या तरी शेवटी. हे पाहून माझं रक्त उसळलं. जालिंदरला विचारलं तर म्हणाला, पयल्यापासून हाय तसं हाय.

निर्णय: मालक शेवटी, भामाबाई पहिल्या.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “जावईबापू, घरचं दळण आधी पडू द्या. त्याला कारण हाय.” मी म्हटलं, कारणं मला ठाऊक आहेत, हजारो वर्षं हीच कारणं सांगितली गेली. त्यांना पुढे काही बोलायचं होतं, पण माझं बोलणं भरात होतं आणि ते संपेपर्यंत त्या म्हशीकडे निघून गेल्या.

२० जानेवारी, शनिवार

शुभारंभ. पत्र्याचे बिल्ले करून आणले होते, त्यांवर आकडे. आकड्याप्रमाणे चक्की. बाकड्यावर उभा राहून समजावून सांगितलं. पहिल्या नंबरचा बिल्ला आजपासून बौद्धवाड्याचा, असं जाहीर केलं तेव्हा मला विरोधाची खात्री होती. इंजिनाचं हँडल हाताशी ठेवलं होतं.

विरोध झाला नाही. एकानेही केला नाही. उलट दगडाबाई, जिने काल भामाबाईंचा डबा पायाने बाजूला सारला होता, ती म्हणाली, “जा की गं, पयला मान तुझा.” रखमाजी म्हणाला, पाव्हन्यांनी लई न्यायाचं काम केलं. मला क्षणभर दिसेनासं झालं. एका भाषणात खर्डा गाव बदललं.

भामाबाई मात्र हरखल्या नाहीत. “इतक्या वर्सांनी पयलं मीच का?” असं विचारत होत्या. सवय नसते माणसाला सन्मानाची.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बिल्ल्याला कुणी हात लावेना. सगळे एकमेकांना ‘आधी तुमी’ म्हणत होते. सभ्यता इतकी लवकर येईल असं वाटलं नव्हतं. शेवटी जालिंदरने दोघांना मानगूट धरून आत टाकलं. तिसऱ्या चक्कीवर रखमाजी गेला.

रात्री गिरणी बंद करताना चक्क्यांच्या दगडांभोवती अडकून राहिलेलं पीठ झाडून काढायची पद्धत आहे. ते आपल्या घरात येतं. आज नेहमीपेक्षा बरंच निघालं. पहिल्याच दिवशी उत्पादन वाढलं.

२१ जानेवारी, रविवार

सकाळीच रखमाजी हातोडा घेऊन दारात. तिसऱ्या चक्कीत पहिलं दळण त्याचं, त्यामुळे जुनी मिरची त्याच्या पिठात उतरली. रात्रभर घरात कुणाची जीभ तोंडात राहिली नाही, म्हातारा रांजणात डोकं घालून बसला आहे, अशी तक्रार. मी म्हटलं, नव्या यंत्रणेत किरकोळ अडचणी येतात. त्याने हातोडा उगारला. मी इंजिनामागची जागा तपासायला गेलो. बराच वेळ तपासली. तोवर जालिंदरने त्याला उचलून उकिरड्यावर टाकला होता.

यंत्रणा उत्तम. माणसं सुधारली पाहिजेत.

२४ जानेवारी, बुधवार

चमत्कारिक प्रकार. संध्याकाळी गिरणीपुढे कुणी नाही. इंजिन पुक पुक करत डिझेल पितंय, तीन चक्क्या तयार, आणि सगळा गाव समोरच्या चिंचेखाली डबे घेऊन बसलेला. माझ्याकडे बघतायत. मी बोलावतोय, कुणी उठत नाही. भामाबाई आल्या, त्यांना दगडाबाईनेच हाताला धरून आत आणलं, त्यांचं दळण पहिल्या चक्कीत पडलं, तसे एकदम साठसत्तर लोक उठून पहिल्या चक्कीकडे धावले. दुसरी-तिसरीकडे कुत्रं फिरकलं नाही.

मी दगडाबाईला दोन नंबरचा बिल्ला देऊ केला. तिने तो माझ्या छातीवर फेकला. “झाडून ठिवलेली उपाशी चक्की ती. माझं पीठ काय दगडाला खाऊ घालू व्हय?”

म्हणजे दगडाला भूक लागते अशी समजूत आहे. एकविसावं शतक जवळ आलं आणि हे लोक चक्कीला देव मानतात. अंधश्रद्धेवर एक व्याख्यान तयार केलं पाहिजे.

२५ जानेवारी, गुरुवार

उपाय: तिन्ही पहिले बिल्ले कुणीतरी घेतल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. मग बघू कसे येत नाहीत.

आले. आपण होऊन नाही, एकमेकांना ढकलत आले. भिंगारला पुढे घुसण्यासाठी मारामाऱ्या बघितल्या होत्या, मागे राहण्यासाठी आज प्रथमच बघितली. जो तो दुसऱ्याला पुढे लोटत होता. एका म्हाताऱ्याला त्याच्या सख्ख्या सुनेने कमरेत लाथ घालून दारातून आत पाठवला. डब्यांची झाकणं उडत होती. एक माझ्या कानाला चाटून गेलं, कानातून रक्त. जालिंदरने पट्टा फिरवला. मध्ये मी होतो. तो म्हणाला, दिसला न्हाईत दाजी. नंतर पुन्हा दिसलो नाही.

शेवटी लोकांनीच तोडगा काढला. बौद्धवाड्यातल्या आणखी दोन घरांना धरून आणलं आणि तिन्ही पहिले बिल्ले त्यांच्या हातात कोंबले. म्हणजे समतेचा विचार रुजला. मार खाल्ल्याचं दुःख नाही.

२६ जानेवारी, प्रजासत्ताक दिन

कान सुजला आहे. गिरणीवर झेंडा लावला. भामाबाई आपला डबा उघडून आत बघत होत्या. त्यांना शुभेच्छा दिल्या. त्यांनी डबा बंद केला.

२७ जानेवारी, शनिवार

सुधारणा. वर्कशॉपात दर शिफ्टला मशीन पुसायचे. इथे एकदा रात्री झाडतात, हे आरोग्याला घातक. आजपासून चक्क्या दुपारी आणि संध्याकाळीही झाडायच्या, आणि प्रत्येक वेळी नव्याने पहिल्या नंबरपासून सुरुवात. मान अधिक लोकांना मिळेल.

जालिंदर कपाळाला हात लावून म्हणाला, “दाजी, मरताय तुमी.” हेवा आहे.

झाडणीचं पीठ इतकं निघतं आहे की घरातला डबा भरून वर एक पोतं लावलं. आप्पासाहेब आले की हे पोतं त्यांच्यापुढे ठेवीन, आणि काही बोलणार नाही. पोतं बोलेल. सध्या घरच्या भाकरी याच पिठाच्या होतात. सासूबाई हल्ली माझ्या ताटात भाकरी जरा जोरात टाकतात.

३० जानेवारी, मंगळवार

हुतात्मा दिन. अकराला सगळे खडीच्या कामावर, म्हणून संध्याकाळी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. मी डोळे मिटले. स्तब्धतेत कुणीतरी धान्य मापायची पायली फेकून मारली. मी हात वर केला म्हणून डोकं वाचलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली, म्हणजे आहेत, पण वळत नाहीत. कंपाउंडरने कामटी बांधली.

कोणी मारली ते कळलं नाही. सगळे स्तब्ध होते.

३१ जानेवारी

डाव्या हाताने लिहितो आहे. थोडक्यात लिहिणं शिस्तीला चांगलं.

१ फेब्रुवारी

दुपारच्या झाडणीनंतर हाणामारी. दगडाबाईचा दात पडला. रखमाजीच्या डोक्याला खोक. चार्ट फाडला. नवा काढायला डावा हात चालत नाही.

हिला म्हटलं, थोर माणसांना सुरुवातीला दगडच खावे लागतात. ही म्हणाली, पण त्यांना पायली नव्हती मारली. हिच्याशी या विषयावर बोलायचं नाही, असा संकल्प.

३ फेब्रुवारी, शनिवार

आजचं लिहायचं नव्हतं. लिहितो.

संध्याकाळी भामाबाईंनी पहिला बिल्ला घेतला नाही. माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, डब्याचं झाकण काढलं. म्हणाल्या, “पाव्हणं, आत बघा. मिलो आनते तवा डबा काठोकाठ असतो. पीठ नेते तवा चार बोटं खाली. झाडलेली चक्की पयल्याचं पीठ धरून ठिवती, हे पोराटोराला ठावं हाय, तुमाला न्हाई?”

मागे सगळं गाव उभं होतं. कुणी हसलं नाही. दगडाबाई जमिनीकडे बघत होती.

मी म्हटलं, बाई, चार बोटं पिठापेक्षा मान मोठा असतो. तुम्ही आजवर शेवटी होतात, मी तुम्हाला पहिलं केलं.

त्या म्हणाल्या, “शेवटाला हुते तवा पोरं पोटभर खात हुती.”

मी समतेबद्दल आणखी एक वाक्य सुरू केलं. ते ‘परंतु’पर्यंत गेलं. मग झाकण आलं. पत्र्याचं, कडेने. कपाळ फुटलं.

जालिंदर पट्टा घेऊन उठला आणि परत खाली बसला. त्याने भामाबाईंना अडवलं नाही, हे मी आप्पासाहेबांना सांगणार आहे.

४ फेब्रुवारी

कपाळाला टाके. कंपाउंडर म्हणाला, पाव्हणं, तुमच्यासाठी पट्ट्यांचा वेगळा खोका काढलाय.

भामाबाईंविरुद्ध तक्रार करायचा अधिकार मला आहे. करत नाही. मनाचा मोठेपणा. शिवाय पोलीस पाटील कोण पहिल्यांदा काय म्हणालं ते विचारील.

६ फेब्रुवारी, मंगळवार

बौद्धवाड्यातलं कुणी आलं नाही. चालत दुसऱ्या गावच्या गिरणीत गेले. मग पहिलं कोण, यावरून बाकीच्यांत सुरू झालं. आधी डबे. मग झाकणं. मग हातोडे, हातात होतेच. तिसऱ्या चक्कीचा दगड फोडला. दुसरीचा पट्टा कुणीतरी विळ्याने कापला, तो सुटून सापासारखा सगळ्यांवर फिरला. जालिंदर एकटा आठ जणांशी भिडला, नंतर ते आठ आणि तो मिळून माझ्याकडे वळले.

धान्याच्या कोठीत बसून होतो. आतून ऐकलं तर माणसाचं ओरडणं आणि इंजिन यांत फारसा फरक नाही.

बरगडी. आणखी एक दात. उजवा डोळा उघडत नाही.

तरीही तत्त्वतः तीन चक्क्या एका चक्कीपेक्षा वेगवान असतात. हे कुणी खोटं ठरवू शकत नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आप्पासाहेब आले. कुणीतरी निरोप धाडला असणार. त्यांच्या डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, माझ्या उजव्यावर पांढरी. दोघं एकमेकांसमोर बसलो.

झालेल्या नुकसानाबद्दल त्यांनी काही विचारायच्या आत मी पोतं आणून पुढे ठेवलं. भरलेलं, तोंडापर्यंत. त्यांनी हात आत घातला, पीठ चिमटीत चोळलं. “हे कुनाचं?”

“आपलं. झाडणीचं.”

“सकाळी घरचं दळण पयलं टाकायचं म्हंजे रिकाम्या चक्कीत आपलं पीठ अडकतं. रात्री झाडलं की आपलं आपल्याला माघारी मिळतं. कुनाचं कनभर जात न्हाई.” ते सावकाश बोलत होते, लहान मुलाला सांगावं तसं. “आपन पयलं टाकलंच न्हाई. मंग हे आपलं कसं, जावईबापू?”

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, मी सांगत हुते. मी म्हटलं, सविस्तर सांगायला हवं होतं.

१० फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सासूबाई घरची ज्वारी घेऊन गिरणीत गेल्या. पहिल्या चक्कीत ओतली. मग लोक आले, एकामागे एक उभे राहिले. जालिंदरला पट्टा उचलावा लागला नाही. एकच चक्की चालू. फार हळू काम आहे, पण ते जाऊ दे.

पोतं मी बौद्धवाड्यात नेऊन द्यायचं ठरलं. माझी बरगडी दुखते असं सांगितलं. आप्पासाहेब म्हणाले, डोक्यावर घ्या. डोक्याला टाके आहेत म्हटलं. ते म्हणाले, मंग खांद्यावर. सगळ्या गावातून नेलं. चिंचेखाली बसलेले उठून उभे राहिले, आदराने असावं.

भामाबाईंनी शेजारच्या दोन घरांना बोलावलं. पोतं सोडलं, आपापल्या अंदाजाने आपापलं काढून घेतलं, उरलेलं माझ्या हातात परत दिलं. म्हणाल्या, ते दगडाबाईचं नि रखमाजीचं. मी म्हटलं, ठेवा तुम्ही, गोरगरिबांना उपयोगी पडेल.

“भीक न्हाई ही. माझं हाय म्हनून घेतलं.” पोत्याचं तोंड बांधता बांधता त्या म्हणाल्या, “आनि आप्पासायबांना सांगा, मला पयलं नको. शेवटचं तर न्हाईच न्हाई. आल्यासारखं, आदी येईल त्याचं आदी, घ्यायचं असंल तर दळाया येते.”

निरोप दिला. सासूबाई म्हणाल्या, आल्यासारखं घेऊ, आणि किल्ली माझ्या उशाखालून काढून स्वतःच्या कमरेला खोचली. ती मागायला कुणी पुढे आलं नाही. जालिंदरसुद्धा.

मला काम दिलं आहे. रोज सकाळी घरचा डबा उचलून गिरणीत नेऊन पहिला ओतायचा. जबाबदारीचं काम आहे, चुकून चालत नाही.

रखमाजीचं पीठ त्याच्या दारात ठेवलं. दगडाबाईच्या दारातून एकदा परत आलो, दुसऱ्या वेळी आत गेलो. तिचं पीठ दिलं. ती पडलेल्या दाताच्या जागी जीभ लावून बघत होती. म्हणाली, बसा पाव्हणं. बसलो नाही.

रात्री ताट वाढलं. मिलोची भाकरी, तांबडी, जुन्या डब्यातल्या पिठाची. तो डबा पोत्याच्या आधी भरला होता, त्याचा हिशेब कुणी मागितला नव्हता. भामाबाईंच्या घरात आज दोन पोरं दाराशी उभी होती, हाताला पीठ लागलेलं, ती चाटत होती.

भाकरी मोडली. पुन्हा ताटात ठेवली. हिने विचारलं, काय झालं.

म्हटलं, भूक नाही. पित्त असावं.